बर्फाचे दोन सूर

पाषाण, पुणे
18 जून

प्रिय बंड्या,

पत्र पोचलं. बोटी किनाऱ्याला लागल्यात, बर्फाचा खप पडलाय आणि तू कारखान्यात माश्या मारत बसलायस. म्हणजे मी लांबण लावली तरी तुला पळवाट नाही.

काका विचारतात ना, ‘हा पुण्यात बर्फाचं करतो तरी काय?’ त्यांना सांग, दोन वर्षं झाली, बर्फाला हात न लावता बर्फाचंच काम चाललंय. सगळं संगणकात.

तुमच्या लादीत प्रत्येक ऑक्सिजनला चार शेजारी असतात, प्रत्येक 2.76 अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पाण्याचा रेणू आपले दोन हायड्रोजन दोघांपुढे करतो आणि उरलेल्या दोघांचे घेतो. दिलं तेवढंच घेतलं, उधारी नाही. बर्नल आणि फाउलर यांनी 1933 मध्ये हा नियम मांडला. पण कुणी कुणाला द्यायचं ते मात्र ठरलेलं नाही, तिथे सगळी बेशिस्त. ती गणितात आणायची तर भलामोठा तुकडा घ्यावा लागतो, म्हणून मी शिस्तीतलं बर्फ घेतलं. त्याला ‘बर्फ अकरा’ म्हणतात. ते 72 केल्विनच्या, म्हणजे उणे 201 अंश सेल्सिअसच्या खालीच टिकतं, त्यामुळे काकांना त्यात धंदा नाही.

आता खरी गंमत. बर्फावर न्यूट्रॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातले कण, सोडले की आलेखात रेणूंच्या थरथरीचे दोन उंचवटे दिसतात, साधारण 28 आणि 37 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचं माप, आकडा मोठा तितकी थरथर जलद). दुसरा म्हणजे सेकंदाला जवळपास नऊ लाख कोटी हेलकावे! 1990 च्या दशकात जिचेन ली यांनी त्याचा अर्थ असा लावला की बर्फात हायड्रोजन बंधच, म्हणजे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो ते दुवेच, दोन जातींचे आहेत, एक मऊ, एक ताठ. मीही वर्षभर त्या दोन जातीच शोधत होतो. गणितात मात्र सगळे बंध जवळपास सारखेच निघायचे.

मधे तीन आठवडे वाया गेले ते वेगळेच. काही कंपनं उणे चिन्हानं छापून यायला लागली. उणे म्हणजे रचना अजून स्थिरच झालेली नाही, चेंडू खड्ड्यात नसून टेकाडावर आहे. अणू नीट बसू न देताच मी पुढचं गणित लावलं होतं. चूक माझीच. सर काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसत राहिले. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं!

मग एका संध्याकाळी अमृततुल्यात बसून बिलाच्या पाठीमागे हातानं गणित केलं. चारही शेजारी खिळे ठोकून जागच्या जागी बसवले आणि मधला रेणू हलवला. उभा, आडवा, तिरका, कसाही हलवा, ओढ तेवढीच! चार दिशांची ती रचनाच इतकी समतोल आहे. म्हणजे बंध एकाच जातीचे आणि शेजारी गप्प, तर सूर एकच यायला हवा. दोन येतात, कारण शेजारीही हलतात.

खोलीवर येऊन कंपनांची चलचित्रं पुन्हा लावली. एका प्रकारात रेणूचे दोनच बंध ताणले-दाबले जातात, बाकीचे दोन नुसते सोबत झुलतात. दुसऱ्यात चारही कामाला लागतात. ओढ दुप्पट तर वारंवारता दोनाच्या वर्गमुळापट, म्हणजे 1.41 पट. 37 भागिले 28 करून बघ, 1.32 येतं. तंतोतंत नाही, पण खऱ्या स्फटिकाला आमचं खिळ्या-स्प्रिंगचं गणित कुठं पाठ असतं? चीनमधल्या एका गटानं हे आधीच मांडलंय, तेव्हा शोध माझा नव्हे. पण बिलाच्या मागे ते स्वतःला दिसणं वेगळं. चहा पार गार झाला होता.

आता जड पाण्याचं गणित लावलंय, त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ असतो. अख्खा रेणूच हलत असेल तर हे दोन्ही उंचवटे पाचेक टक्केच खाली सरकायला हवेत, कारण वजन 18 चं 20 होतं. नुसता हायड्रोजन हलत असता तर घसरण कितीतरी मोठी दिसली असती. गुरुवारपर्यंत कळेल, मधे वीज गेली नाही तर.

बोटी ऑगस्टात सुटतील, त्याआधी ये. आणि मला एक नीट बघून कळव: तुमच्या लादीचा मधला भाग पांढरा असतो, तो हवा अडकल्यामुळेच ना? डब्यात हवा सोडून पाणी ढवळत ठेवलं तर लादी आरपार स्वच्छ होते का? काकांना विचारू नकोस, म्हणतील, दोन वर्षं शिकून हेच विचारतोय.

तुझा,
नाना

ता. क. येताना आगळ आण. मागच्या वेळची बाटली एसटीत सांडली होती, या वेळी बूच घट्ट लाव.