विहिरींचा आठवडा

प्रिय एलियास,

शालोम.

दर शब्बाथला परशा, म्हणजे तोराचा (मोशेच्या पाच पुस्तकांचा) त्या आठवड्याचा भाग, कानावरून जाते, अर्थ हाताला लागत नाही. आणि हसिदी (ज्यू भक्तिपंथाचं) पुस्तक उघडावं तर पहिल्याच ओळीला झोहार हा गूढ ग्रंथ नि सफिरोत या ईश्वरी शक्ती समोर येतात, असं तू लिहिलंस. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण ती पुस्तकं मुळात पुस्तकं म्हणून लिहिलेली नाहीत. रब्बी शब्बाथच्या तिसऱ्या जेवणाला यिद्दिशमध्ये बोलायचे. शब्बाथला लिहायचं नाही, म्हणून शिष्य ते डोक्यात साठवायचे आणि हावदाला, म्हणजे शब्बाथ संपवणारा विधी, झाल्यावर हिब्रूत उतरवून काढायचे. त्यामुळे हातात येतो तो अर्क. शिवाय समोर बसलेल्यांनी आठवडाभर परशा घोटलेली आहे, हे गृहीत धरून रब्बी बोलत. आपण ते घोटणंच वगळतो आणि मग पुस्तक अवघड म्हणतो.

तेव्हा आधी घोटणं. जुना नियम माहीत आहेच: मूळ वचन दोनदा, ओंकेलोसचा अरामी तार्गुम, म्हणजे भाषांतर, एकदा. शुल्हान आरूख हा आचारग्रंथ तार्गुमऐवजी राशी या मध्ययुगीन टीकाकाराची टीका चालेल म्हणतो; ज्याला जमेल त्याने दोन्ही करावं. तुला अरामी जड जात असेल तर राशी धर आणि शेजारी मराठी भाषांतर ठेव. शुक्रवारी दुपारी सगळं एकदम उरकायला जाऊ नकोस, तसं केलं की फक्त ओठ हलतात. परशेचे सात आलिया, म्हणजे वाचनाचे भाग, असतात, रविवारपासून रोज एक घ्यायचा. पण ते सारखे नसतात. नोव्हेंबरच्या सुमारास येणारी तोलेदोत घे: एकूण 106 वचनं. सोमवारी सात, मंगळवारी दहा, बुधवारी पुन्हा सात, आणि गुरुवारी एकदम तेहेतीस. गुरुवारीच लोकांचा नेम मोडतो. म्हणून बुधवारीच गुरुवारचा थोडा भाग ओढून घ्यायचा.

आता मंगळवारचा तुकडा जवळून बघू, उत्पत्ती 26:13 ते 22. इसहाक श्रीमंत होतो, पलिष्ट्यांना ते खुपतं. अब्राहामच्या वेळी खणलेल्या विहिरी त्यांनी मातीने बुजवून टाकलेल्या असतात. इसहाक गरारच्या खोऱ्यात उतरतो, त्याच विहिरी पुन्हा उपसतो, आणि बापाने दिलेली नावंच त्यांना ठेवतो. मग नवी विहीर खणतो, जिवंत झरा लागतो, तिथले गुराखी भांडतात. तिचं नाव एसेक, म्हणजे तंटा. दुसरी खणतो, त्यावरही भांडण, ती सितना, म्हणजे वैर. तिथून हलून तिसरी खणतो. तिच्यावर कोणी भांडत नाही, ती रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा.

इथे थांब आणि अर्थ शोधायच्या आधी अडचण शोध. ज्या तोरात एकेका अक्षरावरून कायदे निघतात, ती विहिरींवर एवढी वचनं का खर्च करते? मध्ययुगीन टीकाकार रामबाननेही हेच विचारलं: वरवर पाहता या गोष्टीत इसहाकचा ना काही मोठेपणा, ना कोणाचा फायदा. त्याचं उत्तर असं, की एसेक म्हणजे पहिलं मंदिर, सितना दुसरं आणि रहोबोथ अजून यायचं असलेलं तिसरं. दुसरी अडचण: कोरड्या मुलुखात पाणी बुजवून पलिष्ट्यांना काय मिळालं? राशी सांगतो, पाणी पाहून फौजा चाल करून येतील ही भीती. तिसरी मला सगळ्यांत खुपणारी आहे. बुजवल्या गेल्या त्या अब्राहामच्या विहिरी. इसहाकच्या विहिरींवर भांडणं झाली, पण त्या कोणी बुजवल्या असं तोरा कुठेच म्हणत नाही.

इथून हसिदी वाचन सुरू होतं. हबाद या हसिदी शाखेच्या परंपरेत अब्राहाम म्हणजे हेसेद, वरून खाली वाहणारी कृपा: तंबू चारी बाजूंनी उघडा, वाटसरूला पाणी आणि भाकर. इसहाक म्हणजे गेवुरा, खालून वर जाणारी मेहनत. खणणारा पाणी तयार करत नाही. पाणी आधीपासून आहेच; त्याचं काम माती काढण्याचं. मिळालेला उत्साह गुरू गेले की बुजतो, खणून काढलेला सहसा बुजत नाही. तिसऱ्या अडचणीला हे उत्तर मला रामबानच्या उत्तराइतकंच भरीव वाटतं. मात्र मूळ अर्थ त्याने पुसला जात नाही; वचन आपल्या सरळ अर्थाबाहेर जात नाही, असं तालमूद हा रब्बींचा जुना ग्रंथ बजावतो. खोरं खरं, गुराखीही खरे.

आपल्या बेने इस्रायल (कोकणातल्या ज्यू) मंडळींनी एकोणिसाव्या शतकात बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली, त्यांची घडण आठव. कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान येतं. हसिदी प्रवचनात हा क्रम उलटा, आख्यानातून तत्त्व. पण नुसत्या एका रंगावर भागवायला गेलं तर दोन्हीकडे पंचाईत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पात्रं वाटताना. इसहाक आपण आणि पलिष्टी म्हणजे सासुरवाडी किंवा साहेब, असं वाचलं की वाचन संपलं, चहाडी सुरू झाली. पलिष्टी आतच शोधायचा. या आठवड्यापुरती माती म्हणजे काय, ते एका वाक्यात लिहून काढ. 'माझी श्रद्धा कमी आहे' ही माती नव्हे, ते ढगात बोलणं. 'सकाळी उठल्याबरोबरची मोदे आनी ही प्रार्थना मी फोन हातात घेऊन पुटपुटतो', ही माती. मग खणणंही तेवढंच नेमकं: तिचे बारा शब्द, बिछान्यावरच, फोनला हात न लावता, एकेक शब्द सुटा. इतकंच. तीन-तीन नेम धरशील तर बुधवारपर्यंत एकही उरणार नाही.

मन भटकेल. तेव्हा एसेक आणि सितना आठव: इसहाक तिथे खटला लढवत बसत नाही, पुढे जाऊन खणतो. हसिदी पंथाचे संस्थापक बाल शेम तोव यांच्या शिष्यांत, प्रार्थनेत आलेला परका विचार वर उचलून पवित्र करायचा, अशी शिकवण होती. लियादीचे रब्बी श्नेउर झाल्मान यांनी 1796 साली छापलेल्या तानिया या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात मात्र स्पष्ट बजावलं, की तो उद्योग सिद्ध पुरुषांचा. बाकीच्यांनी त्या विचाराशी हुज्जत घालू नये, ऐकलंच नाही असं करून प्रार्थनेत अधिक जोर लावावा. मला हा सल्ला फार व्यवहारी वाटतो.

पुस्तक एकच धर. पोलंडमधल्या गेरच्या हसिदी रब्बींचं 'सफात एमेत' घ्यायला हरकत नाही. ते त्यांनी स्वतः लिहिलं आणि प्रत्येक परिच्छेदावर वर्ष आहे, साधारण 1871 ते 1905. एकाच परशेवर वर्षागणिक काय सुचत गेलं ते दिसतं. आठवडाभर झाकलेला आतला बिंदू शब्बाथला उघडतो, हे त्यांचं आवडतं सूत्र; मंगळवारच्या भांडणांना आणि शनिवारच्या रहोबोथला ते लावून बघ. एका आठवड्याला एक परिच्छेद पुरे, तोही गुरुवारनंतर, वचनं पचल्यावर.

शब्बाथला मिनहाला, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेला, पुढच्या परशेचा पहिला भाग वाचतात, तेव्हा वायेत्से तिथेच सुरू होईल. त्यातही हारानला विहीर आहे, तोंडावर मोठा धोंडा असलेली. एक लक्षात ठेव: 148 वचनांची ही परशा सेफेर तोरात, म्हणजे तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत, सलग लिहिलेली असते, मध्ये एकही मोकळी जागा नाही. थांबे आपले आपणच पाडावे लागतात, म्हणून रविवारीच आलियांच्या खुणा करून घे. आणि तुला कुठे अडलं ते कळव. उत्तर नको, फक्त अडचण.

तुझाच,
सॅमसन