आडनाव बदलण्याची रीत रोमन नव्हे

महोदय,

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत नावांविषयीचा लेख वाचला. ‘लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावण्याची प्रथा थेट प्राचीन रोमपासून चालत आली आहे’ असे त्यात ठामपणे म्हटले आहे. आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यामुळे गप्प बसवेना. हे विधान चुकीचे आहे, आणि त्याचा पुरावा लेखासोबत आपणच छापला आहे.

रोमच्या अ‍ॅपियन रस्त्यावरील गोल थडग्याचे ते छायाचित्र पाहा. त्यावरच्या संगमरवरी पाटीवर तीन ओळी कोरलेल्या आहेत. त्यांचा अर्थ त्याच क्रमाने मराठीत मांडला तर असा होतो: ‘कॅसिलिया, क्विं. क्रेटिकसची मु., मेटेला, क्रॅससची’ (क्विं. म्हणजे क्विंटस, मु. म्हणजे मुलगी). कॅसिलिया हे वडिलांच्या कुळाचे नाव, कॅसिलियस कुळातली म्हणून कॅसिलिया. मेटेला हे त्या कुळातल्या मेटेलस या शाखेचे नाव. तेही वडिलांचेच. क्रेटिकस ही वडिलांना क्रीट बेट जिंकल्याबद्दल मिळालेली उपाधी. नवरा येतो तो सगळ्यात शेवटी, ‘क्रॅससची’ एवढ्या एका शब्दापुरता. तिच्या नावात तो शिरलेला नाही. सासरी नांदून, सासरच्यांच्या वैभवाला शोभेल अशा थडग्यात विसावलेली ही बाई नावाने माहेरचीच राहिली.

रोमचा प्रसिद्ध वक्ता आणि राजकारणी सिसेरो याच्या मुलीचेही तेच. तिची एकापाठोपाठ तीन लग्ने झाली. नवरे बदलले, पण ती टुलियाची टुलियाच राहिली. लग्नात रोमन वधू ‘जिथे तू गायस, तिथे मी गाया’ असे म्हणत असे, ही गोष्ट प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कने नोंदवली आहे. कदाचित लेखकाचा घोटाळा तिथेच झाला असावा. पण ते विधीतले वचन होते. त्याने कोणाचे नाव बदलत नसे.

मात्र रोमन बायकांना नावाचे स्वातंत्र्य होते असे कोणी समजू नये. खरी गोष्ट याहून वाईट आहे. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात मुलीला स्वतःचे असे नाव सहसा नसेच. मुलाला तीन नावे असत. गायस ज्युलियस सीझर यातले गायस हे त्याचे स्वतःचे, ज्युलियस हे कुळाचे आणि सीझर हे शाखेचे. (लेखात ‘ज्युलियस’ हे त्याचे पाळण्यातले नाव म्हटले आहे, तेही दुरुस्त व्हावे.) त्याची आत्या ज्युलिया, दोन्ही बहिणी ज्युलिया, मुलगीही ज्युलिया. बहिणी ओळखायच्या तर थोरली, धाकटी, तिसरी अशी क्रमाने हाक.

याच सिसेरोने टिरो नावाच्या आपल्या गुलामाला इ.स.पू. ५३ मध्ये मुक्त केले, तेव्हा तो रिवाजानुसार मार्कस टुलियस टिरो झाला. मालकाचे नाव मिळाले, मालकाचे कुळ मिळाले आणि शेवटी त्याचे मूळचे टिरो हे नावही टिकले. मुक्त झालेल्या दासीचेही असेच होई. मालकाच्या कुळाच्या नावापुढे तिचे स्वतःचे नाव राही. म्हणजे कालपर्यंत विकली जाणारी बाई स्वतःच्या नावाने ओळखली जाई, आणि घरच्या लेकीला फक्त कुळाचे नाव. वर्गात मी हे सांगत असे तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा मान वर करून ऐकत. सिसेरो मुलीला पत्रांतून ‘टुलिओला’ म्हणत असे, म्हणजे आपण ‘टुलू’ म्हणावे तसे. बापाने लाडाने दिलेले तेवढेच काय ते तिचे एकटीचे.

माझ्या आजीचे माहेरचे नाव चंपा होते, हे आम्हा नातवंडांना ती गेल्यावर ट्रंकेत सापडलेल्या तिच्या चौथीच्या दाखल्यावरून कळले. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि चंपा तिथेच संपली. आईला विचारले तर तिलाही ठाऊक नव्हते. त्यामुळे टुलिया शेवटपर्यंत टुलियाच राहिली हे प्रथम वाचले तेव्हा मला तिचा हेवा वाटला होता. पुढे लक्षात आले, की तिला बहीण असती तर तीही टुलियाच झाली असती.

आपल्याकडे बायकांनी लग्नानंतर नाव बदलावे की नाही, यावर जरूर वाद घालावा. माझे मत विचाराल तर बदलू नये. पण ज्यांना बदलणे योग्य वाटते त्यांनी त्याची कारणे आपल्या घरात शोधावीत, त्यासाठी रोमची खोटी साक्ष काढू नये. असे एक वाक्य छापून आले की दहा वर्षांनी कोणीतरी ते निबंधात उतरवतो, आणि मग ते खोडायला कोणी उरत नाही.

येत्या रविवारी आपण दुरुस्ती छापावी ही विनंती. त्या छायाचित्राखाली ‘क्रॅससच्या पत्नीचे स्मारक’ एवढेच लिहिले आहे. दुरुस्तीत तिचे नाव द्यावे. दगडावर ते अजून स्पष्ट वाचता येते: कॅसिलिया मेटेला.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा