मुक्ताच्या डोक्यातल्या उवा

प्रिय शैला,

पत्राला उशीर झाला, कारण आठवडाभर मुक्ताच्या उवांमागे लागले होते. ती शाळेतून आली की तेल चोपडायचं, पांढऱ्या पंचावर डोकं वाकवायला लावायचं आणि फणी फिरवायची. कानामागे आणि मानेवर लिखा इतक्या घट्ट चिकटलेल्या, की एकेक नखाने ओढून काढावी लागते. वर्गात तिला एकटीला मागच्या बाकावर बसवलं. रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली गं. माझ्या फार जिव्हारी लागलं ते.

ऊ उडत नाही, उडी मारत नाही. बहुधा डोक्याला डोकं लागलं की पलीकडे जाते आणि खाली पडली तर एक-दोन दिवसांत मरते. म्हणजे ती जिथे पोचली, तिथे तिला माणसानेच नेलं. मरीना अस्कुन्से या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 25 ठिकाणच्या 274 उवांची जनुकं तपासली, 2023 साली ते प्रसिद्ध झालं. उवांची दोन घराणी निघाली: एक जगभर पसरलेलं, दुसरं युरोप आणि अमेरिकेतलं. मध्य अमेरिकेतल्या उवांचं जवळचं नातं आशियातल्या उवांशी! हजारो वर्षांपूर्वी आशियातून तिकडे चालत गेलेल्या माणसांच्या केसांतून त्या गेल्या असणार. आणि दोन्ही घराण्यांचा संकर झालेल्या उवा सापडल्या त्या बहुतेक अमेरिका खंडांत. युरोपातली माणसं तिथे उतरली, त्या भेटीची खूण केसांत राहिली. हे वाचून मी कितीतरी वेळ फणी हातात धरून बसले होते.

एरवी उवांच्यात बाहेरचं रक्त फारसं येतच नाही. एक गाभण मादी डोक्यावर आली की पुरे, तिची पिल्लं तिथेच वाढतात, भावंडांतच जुगतात. 2013च्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. त्यातून नर पुढच्या पिढीला देतो ती फक्त आईकडून आलेली जनुकं, बापाची त्याच्यापाशीच संपतात.

हे सगळं मुक्ताला सांगितलं. तिने डोळे पुसले आणि विचारलं, “मग माझ्या उवा कुठून चालत आल्या?” आता रोज फणी फिरवताना तेच विचारते.

लीख फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा अजून दोन आठवडे फणी सुटत नाही. तू दिवाळीला येशील तोवर डोकं स्वच्छ झालेलं असेल. तिला जवळ घेऊन झोपव, वाट बघतेय ती.

तुझी,
वैजू