निवाडा दिला, पण बजावणार कोण?

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढी फी भरून तू शेवटी होणार कोण?" आणि मागून आई म्हणाली, "राजदूत." आई, तू माझी बाजू घेतलीस ते कळलं. पण ते तितकंसं खरं नाही, म्हणून लिहायला बसले.

राजदूत व्हायला सहसा आधी परराष्ट्र सेवेत जावं लागतं आणि तिची निवड बहुतेक देशांत वेगळी होते. तिथे डॉक्टर, इंजिनिअर, इतिहासवाले सगळे एकाच रांगेत. आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी आहे म्हणून कुणी पुढे घेत नाही. आमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत झेंड्यांपुढे हसणारी मुलं आहेत, त्यामुळे तसा समज होतो खरा.

राहता राहिली 'खासगी कॉलेज'ची काळजी. या विषयाचं जगातलं पहिलं प्राध्यापकपद १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला सुरू झालं, तेही डेव्हिड डेव्हिस नावाचा तिथला धनिक आणि त्याच्या बहिणी यांनी दिलेल्या पैशांतून. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. असं पुन्हा होऊ नये तर देशादेशांतले व्यवहार नीट समजून घ्यावेत, हा त्यामागचा हेतू. म्हणजे हा विषय जन्मला तोच खासगी देणगीवर! आमच्याकडे गेस्ट लेक्चररची ये-जा फार, परकीय भाषा शिकवायला धड कुणी नाही. पण वर्ग लहान आहे. लिहून दिलेलं टिपण बाई शब्दन् शब्द वाचतात आणि "हे कशावरून?" असा शेरा मारून परत करतात. फीचा मोबदला मला मिळतो तो त्या शेऱ्यांत.

सध्या मी समुद्राच्या कायद्यात बुडाले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी त्या देशाच्या हद्दीतलं. त्यापुढे २०० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, मासळी, तेल, वायू यांवर त्याचा हक्क. जहाजं मात्र कुणाचीही जाऊ शकतात. दोन शेजाऱ्यांचे हे पट्टे एकमेकांवर आले की भांडण. (गंमत म्हणजे अमेरिकेने हा करार अजून मंजूर केलेला नाही, पण तिचं आरमार त्यातल्याच नियमांचा हवाला देत फिरतं.)

बाबा, तुम्ही नेहमी म्हणता, ज्या कोर्टाला पोलीस नाहीत त्याला विचारतो कोण? आमच्या वर्गात नेमका यावरच खल चालला होता. बंगालच्या उपसागरातला भारत-बांगलादेश वाद लवादाकडे गेला. २०१४ मध्ये निवाडा आला: वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशला. भारताने तो मान्य केला. दोनच वर्षांनी, त्याच कराराखाली नेमलेल्या दुसऱ्या लवादाने फिलिपाइन्सच्या बाजूने कौल दिला: दक्षिण चीन समुद्रातल्या साधनसंपत्तीवर चीन सांगतो त्या ऐतिहासिक हक्काला कायद्याचा आधार नाही. चीन सुनावणीला आलाच नव्हता. निवाडाही त्याने झिडकारला.

"चीन बलाढ्य आहे ना, म्हणून," असं मी लिहिलं होतं. बाईंचा शेरा: "भारत बांगलादेशपेक्षा लहान आहे का?" मग विचार करावाच लागला. हद्द ठरलेली नसेल तर तिथे तेल शोधायला पैसे घालायला कंपन्या कचरतात, त्यामुळे स्पष्ट रेषा मिळणं भारताच्याही सोयीचं होतं. शिवाय शेजाऱ्याशी संबंध चांगले ठेवायचे होते, आणि त्या बदल्यात थोडं पाणी सोडणं परवडणारं होतं. चीनने मात्र बेटांवर धावपट्ट्या बांधलेल्या. तिथून मागे सरणं म्हणजे लष्करी माघार. तरी फिलिपाइन्सला काहीच मिळालं नाही असंही नाही. तो देश आजही प्रत्येक बैठकीत त्या निवाड्याकडे बोट दाखवतो आणि इतर देशही त्याचा दाखला देतात. पोलिसाशिवायचा कायदा असा चालतो: कधी हिशोबाने, कधी लाजेकाजेने आणि कधी चालतही नाही.

मला यातलंच काम करायचं आहे. सागरी हद्दींवर टिपणं लिहिणारे लोक सरकारी खात्यांना लागतात, तसेच संशोधन संस्थांना आणि जहाजांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांनाही. नोकऱ्या फार नाहीत आणि पहिला पगार तुम्हाला फोनवर सांगावा असा नसेल. नुसत्या पदवीने ते कामही मिळणार नाही, म्हणून पुढच्या सत्रात संख्याशास्त्र घेते आहे (आई, हसू नकोस) आणि फ्रेंच बाहेर शिकणार आहे. परदेशात एम.ए. करायचा विचार तूर्त बाजूला ठेवलाय. आधी दोन-तीन वर्षं नोकरी, मग ठरवू. घरावर कर्ज काढायची भाषा तर बाबा, कृपया पुन्हा काढू नका.

सोबत शिष्यवृत्तीचा अर्ज आहे. तिसऱ्या पानावर पालकांच्या उत्पन्नाचा रकाना तुम्ही भरा आणि खाली दोघांच्या सह्या करा. मूळ कागदच लागतो, फोटो चालत नाही, तेव्हा पोस्टाने पाठवा. मुदत महिनाअखेरची आहे.

तुमची,
सागरी मैल मोजणारी लेक