होज ओढू नकोस, सरळ काप

चिऊ,

काल व्हिडिओ कॉलवर गाडीचा हीटर गार वाराच देतोय म्हणून तू बोनेट उघडून तो होज, म्हणजे हीटरची रबरी नळी, दाखवलास आणि तुझा हात पक्कड घेऊन पुढे गेला तसा माझ्या पोटात गोळाच आला, आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. म्हणून सगळं टाईप करून पाठवतोय, काम करताना मोबाईल समोर ठेव.

तुझं निदान बरोबर आहे. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आहे म्हणजे इंजिन नीट तापतंय, आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि आतल्या सीटांच्या मधल्या पत्र्यात, जाणाऱ्या दोन होजपैकी एक चटका बसेल इतका गरम आणि दुसरा गार, म्हणजे हीटर कोअर गाळाने चोंदलाय. कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटरच. गरम कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, तिथपर्यंत जातं पण आतून फिरत नाही, मग ब्लोअर कितीही वाढव, गार वाराच येणार. मिनियापोलिसच्या थंडीत काच साफ होत नसेल तर ती गाडी तोवर रस्त्यावर काढूच नकोस, हे आधी सांगतो.

आता होजचं. तो ओढायचा नाही. वर्षानुवर्षं गरम-गार होऊन रबर कोअरच्या पाईपला चिकटून बसतं, आणि तो पाईप असतो पातळ अ‍ॅल्युमिनियमचा. जोर लावला की रबर सुटत नाही, पाईप वाकतो नाहीतर कोअरच्या जोडात चिरतो. १९९६ साली सांगलीच्या गॅरेजमध्ये मी शिकाऊ होतो तेव्हा एका गिऱ्हाईकाच्या गाडीचा असाच होज मी पक्कडीने पिळला. कट् असा बारीक आवाज आला, होज हातात आला आणि त्याच्या आत दोन बोटं लांब पाईपचा तुकडा, कड करवतीसारखी. मग स्टिअरिंग काढा, अख्खा डॅशबोर्ड काढा, दोन दिवस गाडी उघडी पडली आणि नवीन कोअरचे पैसे मिस्त्रींना भरावे लागले. तुझ्यावर ती वेळ यायला नको.

इंजिन पूर्ण गार होऊ दे, रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात चांगली. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडलंस तर उकळतं कूलंट अंगावर येईल. खाली बादली लावून थोडं कूलंट काढून घे. क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकव. मग होज हाताने नुसता फिरवून बघ, ओढायचा नाही, फक्त फिरवायचा, आणि कडेला साबणाचं पाणी सोड. तेल किंवा ग्रीस नको, त्याने ते रबर फुगतं. एवढं करून हलला नाही तर त्याच्याशी झटापट करायची नाही, कटरने पाईपवरच्या भागाला लांबीत चीर दे. ब्लेड रबरात पूर्ण खोल घालू नकोस, थोडी जाडी राहू दे आणि तिथून बोटांनी फाड, म्हणजे पाईपवर ओरखडा येत नाही. ओरखड्यातून पुढे गळतं. मग केळ्याचं साल सोलावं तसं निघतं ते. होज स्वस्त आहे गं, कोअर नाही. फक्त नवीन होज आणि क्लिपा आधी आणून ठेव, नाहीतर गाडी तशीच अडकेल.

कोअर फ्लश करताना, म्हणजे आतून धुताना, नळाचं पाणी हळू सोड, गार होजच्या बाजूने आत, म्हणजे गाळ उलटा बाहेर येतो. शेवटी फुंकून सगळं पाणी काढ, आत राहिलं आणि गाडी रात्री बाहेर राहिली तर गोठून कोअर फुटेल. पाईपचं टोक पॉलिश पेपरने हलकं घास, नवीन होज कूलंटने ओला करून पूर्ण आत बसव, आणि क्लिप पाईपच्या फुगीर कडेच्या मागे आली पाहिजे, कडेवर नाही.

गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तेच कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. ते साधारण उणे ३७ डिग्रीपर्यंत गोठत नाही. भरताना हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालू कर म्हणजे हवा निघेल, पण गॅरेजचं शटर उघडं ठेवूनच, बंद जागेत धूर कोंडून जीव जातो.

आणि तुझ्या रूममेटची मांजर तिथे फिरते ना, तिला आधी घरात कोंड. कूलंट थोडंसं चाटलं तरी मांजर मरते. सांडलेलं सगळं पुसून घे, बादली झाकून ठेव, मग मला फोन लाव.

बाबा