अर्धवाहक म्हणजे निम्मा करंट नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आपल्या पेपरात चिपच्या कारखान्यावर बातमी होती, त्यात सेमीकंडक्टर, म्हणजे अर्धवाहक, हा 'निम्मी वीज वाहून नेणारा पदार्थ' असं छापलंय. माझं अशोक चौकाजवळ टीव्ही-इन्व्हर्टर रिपेअरिंगचं दुकान आहे, दुसऱ्याच दिवशी एक गिऱ्हाईक पेपर घेऊनच आलं, म्हणे काय ओ, निम्मी वीज जाती तर उरलेली कुठं मुरती? आता त्याला काय सांगू.

निम्म्याचा काही संबंध नाही. शुद्ध सिलिकॉनमधनं करंट जवळजवळ जातच नाही. पण त्यात लाखा-कोटीत एखादा अणू फॉस्फरसचा मिसळला की एक इलेक्ट्रॉन फिरायला मोकळा होतो, कारण सिलिकॉनच्या बाहेरच्या कक्षेत 4 इलेक्ट्रॉन आणि फॉस्फरसच्या 5. बोरॉन घातला तर 3च, म्हणजे एक जागा रिकामी. हे दोन प्रकार जोडले की डायोड, एकाच दिशेनं करंट सोडणारा. तीन थर केले की ट्रान्झिस्टर, तिथं मधल्या थराच्या पायाला चिमूटभर करंट दिला की बाकीच्या दोन पायांतला मोठा करंट आपल्या मुठीत. गंमत सगळी त्या मुठीत आहे, वीज किती वाहते त्यात नाही.

घरातला फॅनचा रेग्युलेटर बघा. जुना तो मोठा काळा डबा, आत तारेचं वेटोळं, फॅन एकवर ठेवला की डबा तापायचा, म्हणजे वीज वाचायची नाही, भिंत गरम करायची! आताच्या बऱ्याच एवढ्याशा बटणांत ट्रायक नावाचा स्विच असतो, तो सेकंदाला 100 वेळा करंट थोडा थांबवून मग सोडतो, किती थांबवायचं ते तुम्ही बटण फिरवून ठरवता. हाही सेमीकंडक्टरच.

आणि आपल्या सोलापूरकरांना तर हे लवकर कळायला पाहिजे. चादरीच्या जॅकार्डला, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राला, पूर्वी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असायची, भोक आहे तर एक दोरा वर, नाही तर खालीच. चिपमध्ये तेच चालतं, फक्त भोकाच्या जागी ट्रान्झिस्टर, चालू नाहीतर बंद. पहिला ट्रान्झिस्टर 1947 साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये झाला, 1971 च्या इंटेल 4004 चिपवर 2300 होते, आज खिशातल्या मोबाईलच्या चिपवर अब्जावधी असतात. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आलेत, तिथं पुठ्ठाच गेला, डिझाईन फाईलमधनं येतं.

एक आणखी, उन्हाळ्यापुरतं. तांब्याची तार तापली की करंटला जास्त अडवते, सिलिकॉनचं उलटं, तापलं की बंद असतानाही थोडा करंट गळायला लागतो, त्यानं अजून तापतं. मे महिन्यात माझ्याकडं उडालेल्या मॉसफेटचे (हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) इन्व्हर्टर ढिगानं येतात, बहुतेक पत्र्याच्या खोलीत, वर कपडे वाळत टाकलेले, जाळी बंद. त्या गिऱ्हाइकाचाही तसलाच होता.

तेवढी 'निम्म्या' विजेची दुरुस्ती छापा, लोक दुकानात येऊन मला विचारतात.

आपला,
एक रिपेअरवाला, सोलापूर