निविदेआधी पाण्याचा हिशेब मांडा: पुणे महापालिका आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका

स.न.वि.वि.

पाणीपुरवठ्याच्या किंवा मलनिस्सारणाच्या मोठ्या कामाचा प्रकल्प अहवाल उघडला की ‘पर्यावरणीय परिणाम’ हे प्रकरण बहुधा शेवटी सापडते. धुळीवर पाणी मारू, रात्री आवाज करणार नाही, झाडे तोडली तर नवी लावू, एवढ्यावर ते संपते. कारण उघड आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते, त्यांच्या यादीत जलवाहिन्या, टाक्या, मैलाशुद्धीकरण केंद्रे येत नाहीत. जनसुनावणीही त्यामुळे होत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हाती आली की खोदाई सुरू होते. पण कायद्याने सक्ती केली नाही म्हणून अभ्यास करायला कोणी मनाईही केलेली नाही. यापुढे पाण्याच्या प्रत्येक मोठ्या योजनेचा असा अभ्यास निविदेआधी व्हावा आणि त्यातून आराखडा बदलण्याची मुभा असावी, एवढ्यासाठी हे पत्र.

सुरुवात पाण्याच्या ताळेबंदाने करावी. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के मैलापाणी होऊन परत येते, हे अभियंते आराखड्यात धरतातच. म्हणजे १०० एमएलडी (दररोज १०० दशलक्ष लिटर) पाणी आणणारी योजना ही ८० एमएलडी मैलापाण्याचीही योजना असते. ते कोणत्या मुख्य वाहिनीतून कोणत्या केंद्रात जाणार, आणि सकाळी सात ते दहाच्या वाढीव प्रवाहाला त्या वाहिनीत जागा आहे का, याचे उत्तर त्याच अहवालात हवे.

हे का महत्त्वाचे, ते आकड्यांतच पाहावे. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी (त्यातली घाण कुजताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात, ते माप) लिटरला २५० मिलिग्रॅम धरू. ८० पैकी ७० एमएलडी पाणी केंद्रात जाऊन राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलेल्या १० मिलिग्रॅमच्या मर्यादेत शुद्ध झाले, तर नदीत रोज ७०० किलो भार जाईल. उरलेले १० एमएलडी अपुऱ्या वाहिनीमुळे चेंबरमधून उसळून ओढ्यात गेले, तर तेवढ्याचाच भार २,५०० किलो होईल. आठव्या हिश्श्याचे पाणी चुकले आणि बाकीच्या सगळ्या खर्चावर बोळा फिरला. अहवालात केंद्राच्या क्षमतेवर पानेच्या पाने असतात. मैलापाणी केंद्रापर्यंत पोहोचते का, यावर मात्र फारसे काही नसते.

मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी जपानच्या ‘जायका’ या सरकारी मदत संस्थेच्या कर्जातून ११ केंद्रे आणि ३९६ एमएलडी क्षमता २०१६ मध्ये ठरली. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. त्यामुळे नव्या योजनेने जुना आकडा जसाच्या तसा उचलू नये. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी प्रवाह मोजून ताळेबंद नव्याने मांडावा.

आता नमुन्यांविषयी थोडे विस्ताराने, कारण अहवाल सर्वांत जास्त फसतो तो इथे. पावसाळ्यात किंवा धरणातून विसर्ग चालू असताना घेतलेला नमुना नदीचे खरे दुखणे लपवतो. उन्हाळ्यात खडकवासल्याखाली मुठेत ताजे पाणी जवळपास नसतेच. म्हणून एप्रिल-मेमध्ये विठ्ठलवाडी, संगम पूल, बंड गार्डन, मुंढवा आणि थेऊर अशा ठिकाणी मोजणी हवी. दुपारी एक बाटली भरून आणली, असे चालणार नाही. दर तासाला नमुना घेऊन, प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र करून चोवीस तासांचा मिश्र नमुना तयार करावा. विरघळलेला ऑक्सिजन मात्र मिश्र नमुन्यातून कळत नाही. तो सूर्योदयापूर्वी जागेवरच मोजावा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडते, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा असतो. मासे मरतात ते पहाटे. ऑक्सिजनचा नमुना प्रयोगशाळेत न्यायचाच असेल, तर वाटेत आकडा बदलू नये म्हणून मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड नदीकाठीच बाटलीत घालावे. केंद्रातून क्लोरिन देऊन सोडलेल्या पाण्याच्या जिवाणू तपासणीसाठी बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट लागते. ते नसेल तर क्लोरिन वाटेतही जिवाणू मारत राहतो आणि पाणी आहे त्याहून स्वच्छ दिसते. हे तपशील निविदेत लिहिले, तरच सल्लागार पाळतो.

केंद्राबरोबर गाळही येतो. ८० एमएलडी पाण्याचा बीओडी २५० वरून १० वर आणताना रोज सुमारे १५ टन कोरडा गाळ निघेल. यंत्राने पिळल्यावरही त्यात ८० टक्के पाणी उरते, म्हणजे उचलायचे वजन ७५ टन. रोज सात-आठ डंपर कोणत्या रस्त्याने जाणार, गाळ कुठे पडणार, सलग पावसात तो कुठे झाकून ठेवणार, हे ठरलेले नसेल तर तो केंद्राच्या आवारात साचतो आणि शेजारच्या सोसायट्या दारे-खिडक्या लावून बसतात.

वाहिनी टाकतानाचा एक परिणाम तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. नवी जलवाहिनी सुरू करण्यापूर्वी लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोरिनचे पाणी भरून ती निर्जंतुक करतात. १,००० मिलिमीटर व्यासाच्या एक किलोमीटर वाहिनीत ७ लाख ८५ हजार लिटर पाणी मावते, म्हणजे जवळजवळ ३९ किलो क्लोरिन. ते पाणी व्हॉल्व्ह उघडून थेट ओढ्यात सोडले, की तिथले मासे-बेडूक संपतात. सोडण्यापूर्वी सोडियम थायोसल्फेट घालून उरलेला क्लोरिन शून्यावर आणणे हे एका दिवसाचे, किरकोळ खर्चाचे काम आहे. ते देयकाच्या पत्रकात वेगळी बाब म्हणून दाखवा.

ओढ्यांमधून मैलावाहिन्या नेण्याची पद्धत तर थांबवायलाच हवी. काँक्रीटचे वेष्टण आणि चेंबर यांनी पात्र अरुंद होते, पुरात वाहून आलेला कचरा त्यांना अडकतो आणि पाणी काठावर चढते. आंबील ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आलेल्या पुराने काय केले, हे सांगायला नको. जिथे खरोखरच पर्याय नाही, तिथे आधी आणि नंतरच्या पूरपातळीचा हिशेब, निळ्या पूररेषेतील (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीतील) चेंबरना पाणी आत न शिरणारी घट्ट झाकणे आणि नदीत उघडणाऱ्या तोंडांवर उलटा प्रवाह रोखणारी झडप, ही किमान अट असावी.

आणि अभ्यासाची हद्द मुंढव्याला संपवू नका. तिथल्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या पाणी उपसा विहिरीतून) आपले शुद्ध केलेले पाणी जुन्या कालव्यात आणि पुढे शेतांत जाते. नदीतले पाणी भीमेतून उजनी धरणात उतरते. दौंड-इंदापूरच्या विहिरींची तपासणी आणि तिथल्या शेतकऱ्यांचे म्हणणे या दोन्हींना अहवालात जागा हवी.

आमची मागणी अशी: अहवाल मराठीत, मोजमापांच्या मूळ तक्त्यांसह, निविदेच्या किमान साठ दिवस आधी संकेतस्थळावर टाकावा. आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावे. ठेकेदाराची अनामत रक्कम काम पूर्ण झाल्यावर लगेच परत करू नये. एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने पुन्हा नमुने घ्यावेत आणि ते आकडे पाहूनच ती सोडावी.

आपले,
पाणीपुरवठा व मलनिस्सारण क्षेत्रात काम करणारे काही पुणेकर